झिपरू नालबंदाचं कडवं

झिपरू नालबंद मेल्याची बातमी धुळ्याच्या पाच नंबरच्या गल्लीत आली ती छापील. अमळनेरहून टपालानं, 'नालबंद आबा' एवढ्याच नावावर, गाण्यांचं एक पातळसं पुस्तक आलं. शांतीलाल किराणावाल्यानं त्याचं वेष्टन फोडलं. दुसऱ्याचं टपाल फोडायचा त्याला काही अधिकार नव्हता. पण झिपरूआबांना वाचता येत नव्हतं आणि शांतीलालला थांबता येत नव्हतं. पान एकोणिसावर बोट ठेवून तो दुकानाच्या गादीवरूनच ओरडला, "आबा, उठा! तुम्ही लढाईत कामी आलात!"

मेलेला माणूस समोरच्या लिंबाखाली बसून टांग्याच्या घोड्याचा पाय मांडीवर घेऊन टापेला कानस मारत होता. तोंडात चार खिळे. पाय सोडल्याशिवाय खिळे काढता येत नाहीत आणि खिळे काढल्याशिवाय बोलता येत नाही. म्हणून त्यानं नुसती एक भुवई वर केली.

"ऐका, ऐका," शांतीलाल वाचायला लागला. "'सात सोबत्यांपैकी झिपरू याचे कडवे उपलब्ध नाही. सदर सोबती मोहिमेतच कामी आला असावा.' आबा, आता सरकारदरबारी तुमचं नाव लागणार. सुतक धरायचं का गल्लीनं? आमच्या सज्जनबाईंनी आजच लाडू केलेत, ते तेवढे खाऊ द्या, मग धरतो."

गल्ली पोट धरून हसली. टांगेवाला हसला. आबांनी एक-एक करून चारही खिळे ठोकले, घोड्याचा पाय खाली ठेवला, आणि मग म्हणाले, "त्यानं काय चुकं? बराबर लिखं त्यानं."

हे बोलणं गल्लीनं चेष्टेवारी नेलं. ती चेष्टा नव्हती हे शांतीलालला कळलं, पण दोन महिन्यांनी.

आता लढाई कोणती, तर पहिली मोठी, चौदा ते अठरा सालची. झिपरू तेव्हा विशीतला. बापाच्या हाताखाली नाल ठोकायला शिकलेला. रिसाल्यात घोडी पुष्कळ आणि नालबंद थोडे, म्हणून भरतीवाल्यांनी त्याला उचलला. आधी फ्रान्सचा चिखल, मग जहाज, मग वाळू, आणि शेवटी शामचा, म्हणजे सीरियाचा मुलुख. तिथं आपल्या घोडेस्वारांनी तुर्कांना असं पळवलं की दमास्कस गाठेपर्यंत कुणाला खोगीर उतरवायला सवड मिळाली नाही. गल्लीच्या मनात आबांच्या हाती भाला होता. दरवर्षी कुणीतरी विचारायचंच, "आबा, तुर्क किती मारलेत?"

"एक बी नही. अकराशे नाल मारात."

कारण आबा पुढं कधी नव्हतेच. स्वार पुढं जायचे. लंगडलेलं घोडं मागं यायचं, आणि मागं ऐरण, हातोडा आणि ते ओझं वाहणारी एक म्हातारी सरकारी घोडी घेऊन झिपरू. त्यानं सगळी मोहीम पाहिली ती घोड्यांच्या खुरांवरून. कुठं दगड लागला, कुठं वाळू, कुठं पाण्याविना टाप तडकली, हे त्याला पाठ. शत्रूचं तोंड मात्र त्यानं पाहिलं नाही.

घरी पत्रं जायची. ती रिसाल्याचा मुन्शी लिहायचा आणि वरचा साहेब वाचून नको तिथं काळी शाई फासायचा. गावाचं नाव लिहिलं, फास. पाणी मिळालं नाही लिहिलं, फास. कोण मेलं ते लिहिलं, फास. मुन्शी शहाणा निघाला. त्यानं सगळ्यांसाठी एकच मजकूर ठरवून टाकला: 'मी खुशाल आहे. घोडं खुशाल आहे.' झिपरूच्या आईला तीन वर्षांत चौदा पत्रं आली आणि चौदाही अशीच. ती बिचारी शेजारणीला म्हणायची, "घोडं बरं शे ते समजनं. पन मना पोऱ्याले कोनी खावाले देस का नही, ते कोनी लिखतच नही."

पत्रात मावेना ती लढाई मग गाण्यात गेली. त्याचं असं झालं, की दमास्कस हाती आलं आणि दहा-बारा दिवसांत दसरा आला. दसऱ्याला घोडं पुजायचं. पण तिथं झेंडू नाही, आपटा नाही. जैतुनाच्या, म्हणजे ऑलिव्हच्या, फांद्या तोडून घोड्यांच्या गळ्यात बांधल्या आणि तीच पानं सोनं म्हणून एकमेकांना दिली. एका तंबूत सात खानदेशी होते. आपला झिपरू, सातपुड्याच्या पायथ्याचा यावलकडचा खेमा, तो घोड्यांचा मोतद्दार, म्हणजे दाणावैरण-खरारा बघणारा, उखा, मगन आणि भटू हे स्वार, आणि आणखी दोघं, एक पारोळ्याचा, एक शिरपूरचा. त्या रात्री या सातांनी गाणं रचलं. सात जणांची सात कडवी, चाल एकच, ठेका घोड्याच्या टापेचा. हातोडीनं टांगलेल्या नालेवर तो ठेका धरायचं काम झिपरूकडे.

आणि गाण्याला एक रीत घातली. आपलं कडवं आपण म्हणायचं नाही. ते दुसऱ्यांनी म्हणायचं. आपलं सुरू झालं की पाठ फिरवून बसायचं आणि ऐकायचं. आपल्याच तोंडानं आपली फुशारकी मारणाऱ्याचं घोडं लंगडतं, असं खेमाचं म्हणणं. कागदावरही उतरवायचं नाही, कारण कागद म्हटला की काळी शाई आलीच.

उखाचं कडवं तर गल्लीत पाळण्यातल्या पोरांनाही पाठ होतं:

उखा उधळना भल्या पहाटे,
पागोटं सुटनं, अडकनं काटे;
तुरुक बोले, हाऊ झेंडा कोना?
हात वर करीसन उभा ऱ्हायना.

म्हणजे पागोटं सुटून काट्यांच्या झुडपावर फडफडलं आणि त्याला निशाण समजून तुर्कांनी हत्यारं टाकली. खरं किती, खोटं किती, ते उखा जाणे. आबा हे म्हणताना स्वतःच इतके हसायचे की ठेका चुकायचा. मग तोंडातली शेवटची चूळ घोडीला पाजणाऱ्या खेमाचं कडवं लागायचं आणि आवाज खाली यायचा:

पानी सपनं, व्हट फाटनात,
खेमानी चूळ घोडीना तोंडात;
बठ्ठा म्हनेत, तू काय पिशी?
खेमा म्हने, ती पिनी, मी खुशी.

आणि मगनचं. ते आधी हसण्याचं होतं म्हणे, त्याच्या घोरण्यावर. पण दसऱ्यानंतर चौथ्या दिवशी शामच्या तापानं मगन गेला, तेव्हा खेमानं ते रातोरात बदललं. 'मगन निजना जैतूनखाले, घोडी हुंगस, उठाडस त्याले.' पुढच्या दोन ओळी आबा फार हळू म्हणायचे, त्या गल्लीला कधी नीट ऐकूच आल्या नाहीत.

सहा कडवी अशी व्हायची. सातव्याची पाळी आली की आबा लोकांकडे पाठ करून भिंतीकडे तोंड फिरवायचे, आणि चार ओळींच्या मापानं नुसता ठेका वाजवायचे. टक्-टक, टक्-टक. ऐरण वाहणाऱ्या त्या म्हाताऱ्या घोडीची दुडकी. शब्द एक नाही. मग नाल खाली ठेवून उठायचे. गल्ली म्हणायची, आबांची तबकडी अडकली. म्हातारपण, दुसरं काय! प्राध्यापक लीलाधर टेपरेकॉर्डर घेऊन अमळनेरहून आले आणि आबांच्या ओट्यावर दोन दिवस बसले, तेव्हा त्यांनाही तसंच वाटलं. "सातवं आठवत नाही का, बाबा?" असं त्यांनी तीनदा विचारलं. आबा म्हणाले, "ते मनाजोडे नही." गल्लीत सगळे नुसतं आबा म्हणत, म्हणून समोर बसलाय तोच झिपरू हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही. पुढं पुस्तक झालं आणि त्यात आबा कामी आले.

धुरपदाबाई, म्हणजे आबांची बायको, होती तोवर घरात त्या कडव्याची एक ओळ तरी होती. अडतीस साली खेमा एकदा धुळ्याला आला होता. ओट्यावर बसून त्यानं झिपरूचं कडवं म्हटलं आणि आबा लग्नातल्या नवरीसारखे भिंतीकडे तोंड करून बसले. धुरपदाबाईला त्यातली पहिली ओळ तेवढी राहिली: 'खिळा तोंडमा, बोल पोटमा.' आबा रुसले, जेवताना गप्प बसले, की ती भाकरी थापता थापता ती ओळ म्हणायची, आणि आबा चिडायचे, आणि चिडले की बोलायचे. एकावन्न साली ती गेली. मूलबाळ नव्हतं. तेव्हापासून त्या घरात बोलायला कुणी नाही आणि चिडायचंही कारण नाही.

राहिली ती दसऱ्याची कार्डं. रिसाला सुटल्यावर सातांतले पाच परत आले होते. त्यांनी ठरवलं होतं की दर दसऱ्याला गाणं म्हणायचं आणि एकमेकांना कार्ड टाकायचं. मजकूर मुन्शीचाच, थोडा फिरवून: 'तुझं कडवं म्हटलं. घोडं खुशाल आहे.' पाचांत कुणाकडेच आता घोडं नव्हतं, पण ते असू द्या. कार्ड आलं म्हणजे माणूस आहे, आणि आपलं कडवं कुठंतरी म्हटलं गेलं आहे. पाचांचे चार झाले, तीन झाले. साठ सालापासून दोघंच: धुळ्याला झिपरू, यावलच्या पुढं डोंगराकडे खेमा. दोघांनाही अक्षर येत नाही. तिकडं खेमाचं कार्ड गावच्या शाळेचे मास्तर लिहायचे, इकडं आबांचं शांतीलाल.

शांतीलालच्या हाती कोरं कार्ड म्हणजे त्याचा जीव तुटायचा. केवढी जागा मोकळी! एका वर्षी त्यानं आबांना न सांगता खाली लिहून टाकलं, 'आबांनी नवीन धोतर घेतलं, पण लाज वाटते म्हणून नेसत नाहीत.' आठवड्यात उलट टपाली कार्ड: 'धोतर कोनं इचारं? घोडानं सांग.' शांतीलाल ते कार्ड गिऱ्हाइकांना दाखवत सुटला. आबांनी मात्र त्याच्याशी आठ दिवस भाषण केलं नाही.

तर पुस्तक आलं ते भादव्यात. पुढं दसरा आला. आबांनी टांग्यांची घोडी सजवली, सोनं वाटलं, गाणं म्हटलं, सातव्याला पाठ फिरवून ठेका वाजवला. शांतीलालनं कार्ड लिहून पेटीत टाकलं. खेमाचं कार्ड दसऱ्यानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी यायचं. चौथा दिवस गेला. आठवा गेला. कोजागिरी गेली. पोस्टमन गल्लीत शिरला की आबा हातातलं काम टाकायचे नाहीत, पण हातोडी थांबायची. तो मान हलवून पुढं जायचा. मग हातोडी चालू.

धनत्रयोदशीला शांतीलालनं दुकान झाडताना सहज विचारलं, "आबा, कार्ड आलं नाही म्हणून काय झालं? टपाल चुकतं. आमच्या लाडकुंवर मावशीच्या लग्नाची पत्रिका तिला तिसरं पोर झाल्यावर पोचली."

आबा लिंबाखाली बसले होते. त्या दिवशी एकही टांगा आला नव्हता. रिक्षा आल्यापासून तसं बऱ्याचदा व्हायचं. म्हणाले, "शांतीभाऊ, तीन ओळी याद शेत माले. चौथी इसरी गयी. शेवटले 'मांगे' शे, तेवढं पक्कं. मांगे काय, ते काही केल्या याद येत नही."

"कशाच्या तीन ओळी?"

तेव्हा आबांनी रीत सांगितली. पन्नास वर्षांत पहिल्यांदा, आणि तीही ज्याच्या पोटात काही राहत नाही अशा माणसाला. आपलं कडवं आपण म्हणायचं नाही. ते आता फक्त खेमाला येतं. तीस वर्षांत ऐकलेलं नाही. कार्डावर मागवता येत नाही, कारण लिहायचं नाही. आणि खेमा नसेल, तर ते म्हणणारं कुणी नाही, म्हणजे पुस्तकातलं खरं: झिपरू कामी आला.

शांतीलाल सबंध मिनिटभर काही बोलला नाही. त्याची बायको सज्जनबाई आतून विचारती झाली, "काय हो, बरं नाही का वाटत?"

पाडव्यानंतर दोघं एस.टी.नं निघाले. आबांना एकटं सोडवेना म्हणून, असं शांतीलाल कबूल करणारा नव्हता. यावलला एका केळीवाल्याकडे काम आहे म्हणाला. कसलं काम आणि कसला केळीवाला! गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं की शांतीलालनं जन्मात केळ्यांचा व्यापार केला नाही, नुसती खाल्ली. अमळनेरला गाडी बदलली, चोपड्याला बदलली. सारी वाट तो बोलत होता. "आबा, हे बघा अमळनेर. इथंच तुम्हाला मारलं. उतरून भांडायचं का प्राध्यापकाशी? 'मी जिवंत आहे' असं अर्जावर अंगठा करून देऊ." आबा खिडकीतून बाहेर बघत होते. यावलच्या अलीकडे दोन्ही बाजूंनी केळीच्या बागा लागल्या तेव्हा म्हणाले, "आठे घोडं चालाडानं म्हंजे पानं लागतीन डोळाले." एवढंच.

यावलपासून पुढं एक बैलगाडी मिळाली आणि शेवटचा कोसभर पायी. पाऊस सरून गवत पिवळं पडलं होतं. डोंगर समोर आला. खेमाचं घर म्हणजे कुडाच्या चार भिंती, वर कौलं, अंगणात मोहाचं झाड. ओसरीवर एक बाई झोळीला टेकून शेंगा फोडत होती. खेमाची सून, चमेलीबाई. झोळीत पोर कुरकुरत होतं. नवरा रानात गेला होता.

"खेमा शे का घरमा?" आबांनी अंगणातूनच विचारलं.

बाईनं शेंगा बाजूला ठेवल्या, पदर सावरला. "तुम्हीन कोन?"

"धुयाना. झिपरू."

तिला नाव लागलं नाही. "बाबा गया, आषाढमा. तीन दिन ताप ऊना नि गया." मग शहरातल्या पाहुण्याला उभं ठेवलं म्हणून तिनं घाईघाईनं घोंगडी अंथरली. "बसा ना, आबा. पानी आनस."

आबा बसले. शांतीलालही बसला, आणि उठून पुन्हा बसला. कुडाच्या भिंतीत एक तार खोचली होती आणि तारेत पोस्टकार्डं टोचलेली, चार बोटं जाड. सगळ्यात वरचं शांतीलालच्या अक्षरातलं, यंदाचं. 'तुझं कडवं म्हटलं. घोडं खुशाल आहे.' ते आलं तेव्हा खेमाला जाऊन तीन महिने झाले होते.

"हाई कार्ड कोन धाडस, ते आमले मालूमच नही," चमेलीबाई तांब्या ठेवत म्हणाली. "बाबा मास्तरकडथून वाचाडी ले. मास्तरनी बदली व्हयी गयी. आते हाई ऊनं, पन आमले कोले वाचता येस? तारले टोची दिनं."

"आम्हीच धाडतो," शांतीलाल म्हणाला. एवढंच म्हणाला.

पोर रडायला लागलं. चमेलीबाईनं झोळीच्या दोरीला पाय लावला, शेंगांचं सूप पुन्हा मांडीवर घेतलं आणि सवयीनं, कुणाकडे न बघता, गायला लागली. चाल ओळखीची होती. गल्लीत वर्षानुवर्षं ऐकलेली, फक्त फार मंद केलेली, झोळीच्या झोक्यानं.

खिळा तोंडमा, बोल पोटमा,
हातमा खूर नि डोळा वाटमा;
बठ्ठा गयात लढाई अंगे,
थांबा रे कोनी, दिवाली येस मांगे.

आबांच्या हातात तांब्या होता. तो तोंडाशी गेलाच नाही.

शांतीलालच्या अंगावर काटा आला, आणि काटा आला की त्याचं तोंड आपोआप उघडतं. "अहो बाई, हे तर—" तो म्हणाला आणि थांबला, कारण आबांचा पंजा त्याच्या गुडघ्यावर पडला होता. पन्नास वर्षं घोड्याचे पाय धरून ठेवलेला पंजा. हलायची सोय नव्हती.

"दिवाली कोन?" आबांनी विचारलं.

"हाई ना, मनी पोर." तिनं झोळीकडे बोट केलं. "जे पोर झोळीमा व्हई, त्यानं नाव टाकतस. मना घरधनी लहान व्हता तधय त्यानं व्हतं."

"पयले कोनं व्हतं?"

"काय मालूम, आबा. बाबानं गानं शे. लढाईमा कोनी मांगे ऱ्हायेल गडी व्हता म्हने. त्याले बठ्ठा इसरी गयात नि पुढे निंघी गयात, मंग तो आरोळी मारस." ती शेंग फोडता फोडता हसली. "पोरे त्यावर लवकर निजतस."

शांतीलाल आबांकडे बघत होता. एक शब्द. फक्त एक शब्द सांगायचा होता, आणि तो शब्द आबांच्या स्वतःच्या नावाचा होता. त्या जागी ते नाव ठेवायचं तर ती ओळ तोंडातून काढावी लागली असती. म्हणजेच आपलं कडवं आपण म्हणावं लागलं असतं.

आबांनी तांब्या खाली ठेवला. "आखो एक डाव म्हन, बाई."

"पोर निजनी आबा, आते—"

"निजू दे. म्हन."

तिनं पुन्हा सुरुवात केली. आणि आबा घोंगडीवरच वळले, तिच्याकडे पाठ केली, कुडाच्या भिंतीकडे, कार्डांच्या तारेकडे तोंड करून बसले. एक बोट तांब्याच्या कडेवर हळूच वाजत होतं. चमेलीबाई दुसऱ्या ओळीवर अडखळली. गाणं न थांबवता तिनं डोळ्यांनीच शांतीलालला विचारलं, म्हाताऱ्याला राग आला का?

"नाही बाई," तो हलकेच म्हणाला. "यांच्यात ऐकायची रीत अशीच आहे. तू म्हण."

तिनं चारही ओळी म्हटल्या.

जेवल्याशिवाय तिनं सोडलं नाही. निघताना आबा तारेकडे गेले, वरचं यंदाचं कार्ड काढतील असं वाटलं, पण त्यांनी ते नुसतं सरळ केलं. चमेलीबाई दारात आली. "आबा, तुम्हीन तर बाबाना दोस्त. गानं मी चुकाडं ते नही ना?"

"नही. बराबर शे."

परतीच्या गाडीत चोपड्यापर्यंत शांतीलालनं कसंबसं तोंड आवरलं. मग त्याला राहवलं नाही.

"आबा, ऐकलं तर मीही आहे. चारही ओळी पाठ झाल्या. दसऱ्याला तुम्ही पाठ फिरवा, मी म्हणतो. नाव घालून."

"तू कधी घोडावर बसना का?"

"टांग्यात बसलोय की. शंभरदा."

"टांगामा बसेल माणूसनं काम नही ते." केळीची पानं गाडीच्या पत्र्याला घासत होती. "नि पोरले नाव लागस तठे. मनं काय काम आते?"

"मग कार्ड कुणाला टाकायचं?"

आबांनी टोपी काढून झटकली आणि पुन्हा घातली.

धुळ्याला आल्यावर गल्लीला वाटलं, आता शांतीलालकडून आठवडाभर किस्से. सज्जनबाईंनी तर शेजारच्या चंद्रकांताला मुद्दाम बोलावून ठेवलं होतं. शांतीलाल म्हणाला, "केळीवाला भेटला नाही." तेवढ्यावरच त्यानं ते संपवलं. घरोघरी एकच चर्चा, की याला बाधा झाली. त्याच्या पोटात गोष्ट राहिली ती ही पहिली. पुढं कधीतरी, फार उशिरा, कडवं सोडून बाकीचं तो बोलला.

पुढच्या दसऱ्याला टांगे तीनच राहिले होते. आबांनी तिन्ही घोड्यांना झेंडूच्या माळा घातल्या. संध्याकाळी नाल दोरीला टांगली. गल्ली जमली, पण आधीइतकी नाही. काहीजण कोपऱ्यावर रेडिओपाशी होते. उखाचं पागोटं सुटलं, पोरं ओरडली. भटूचं झालं, पारोळ्याच्या आणि शिरपूरच्या गड्याचं झालं. मगन जैतुनाखाली निजला. खेमाची चूळ घोडीच्या तोंडात गेली, आणि ते कडवं आबांनी दोनदा म्हटलं. मग नेहमीसारखी पाठ फिरवली.

ठेका सुरू झाला, पण दुडकी नव्हती ती. टक्... टक... टक्... टक. मधे इतकी जागा की लोकांना वाटलं थांबले. हातोडी जड झाली असेल, हात थकला असेल. कुणीतरी कुजबुजलं. शांतीलालच्या तोंडाशी चारही ओळी आल्या होत्या, नावासकट. त्यानं ओठ दाताखाली धरला. आबांची पाठ दिसत होती, पांढरी टोपी दिसत होती, आणि खांदा झोळीला झोका द्यावा तसा सावकाश मागंपुढं होत होता.

चार ओळींचं माप पुरं झालं. आबांनी नाल हातानं धरून तिचा आवाज थांबवला आणि उठून ओट्यावर आले.

शांतीलालनं कोरं कार्ड पुढं केलं, आणि काहीतरी बोलायचं म्हणून, नेहमीच्याच सुरात विचारलं, "काय आबा, घोडी दमली वाटतं यंदा?"

"दमनी नही," आबा म्हणाले. कार्ड त्यांनी घेतलं, दोन्ही बाजूंनी पाहिलं, आणि तसंच कोरं टोपीत ठेवलं. "निजनी."